काचपेटीचा उन्हाळा

परवा दुपारी काचपेटीला उलटा हात लावला. काच कोमट. म्हणजे आला. कॅलेंडरात काय छापलं असेल ते असो, आमच्या घरी उन्हाळा काचेतून येतो. अजून मोहाची फुलं पुरती गळली नाहीत, पहाटे अंगावर चादर लागते, पण दुपारी दोनच्या सुमाराला पेटीतलं पाणी कोमट लागलं की समजायचं, आता पाऊस लागेपर्यंत आपली सुटका नाही. दर वर्षी या दिवसांत मी कामाला लागायचो. बारदाने धुऊन काढायचे, प्लास्टिकच्या बाटल्या जमवायच्या, ड्रम घासायचा. यंदा हात लावला अन् तसाच उभा राहिलो. लागू कामाला, का राहू देऊ?

तेव्हापासून जिवाला थारा नाही. खाटेवर बसतो, उठतो. मागच्या सांदवाडीत, परसात जातो, कशाला आलो ते आठवत नाही, परत फिरतो. पेटीसमोर येऊन उभा राहतो. आत अकरा मासोळ्या आहेत. त्या आपल्या फिरतात इकडून तिकडे, तिकडून इकडे. मीही तेच करतो आहे, फक्त माझी पेटी मोठी. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, लिहिणं हा काही माझा धंदा नाही. पण हात कशात तरी गुंतला पाहिजे म्हणून वही घेतली.

आम्ही मासोळी मारणारी माणसं. बापानं तलावात जाळं टाकलं, आज्यानं टाकलं. चामोर्शीच्या बाजाराला ओल्या फडक्यात मासोळी बांधून न्यायची, विकायची, उरली तर घरी रस्सा. मासोळी डोळ्यानं पाहायची असते हे आम्हाला माहीतच नव्हतं. आम्ही ती हातानं ओळखायचो. गढूळ पाण्यात हात घातला की मरळ कोणती, शिंगूर कोणती, ते बोटाला कळायचं. शिंगूर काटा मारते, तेव्हा तर चांगलंच कळायचं. पुढं मला मासोळीच्या बीजाच्या, म्हणजे बारीक पिल्लांच्या, केंद्रावर चौकीदाराची नोकरी लागली. तिथल्या एका साहेबाची बदली झाली, सामानाच्या गाडीत त्यांची काचपेटी मावली नाही. जाताना म्हणाले, घेऊन जा, नाही तर फोडून टाक. मी डोक्यावर घेऊन आलो. आत दोन सोनमासे होते, ते गंजात, पातेल्यात घालून.

पार्बतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, दारातच विचारलं, "भाजीच्या मासोळ्या पाळतेत का कोनी?" माझा सोबती रुषी, आम्ही दोघं लहानपणापासून एका डोंग्यातले, एका होडीतले, तो तर महिनाभर गावाला सांगत फिरला. ढिवराच्या घरी जाऊन पाहा म्हणे, मासोळीला हवा घालायचं मशीन लावलं आहे अन् बायको पदरानं वारा घेते आहे. लोक खरंच पाहायला यायचे. म्हातारी माणसं काचेला नाक लावून विचारायची, याचा रस्सा कसा लागत असेल.

मी मात्र तेव्हा पहिल्यांदा मासोळी पाहिली. जन्मभर मारली अन् पन्नाशीत पाहिली. ती पाण्यात वळते कशी, थांबते कशी, झोपली तरी डोळे उघडे ठेवून पंख हलवत राहते कशी. तोंडातल्या तोंडात सारखं काही तरी बोलते, ऐकू येत नाही. मला वेडच लागलं. एकीच्या दोन पेट्या झाल्या, दोनाच्या चार. गप्पी, एंजल, काळ्या मखमलीसारखी एक जात असते ती. नळाचं पाणी ड्रममध्ये दिवसभर उघडं ठेवायचं, त्यातल्या औषधाचा वास उडाला की मगच पेटीत टाकायचं. तेही एकदम सगळं नाही. जुनं पाणी थोडं काढायचं, नवीन थोडं घालायचं. नळी तोंडानं ओढून खालचा गाळ काढायचा. किती वेळा ते पाणी पोटात गेलं, गणती नाही. या कामाला सकाळ जाते, संध्याकाळ जाते, माणूस घराबाहेर जात नाही. गेला तर मन घरी राहतं. लेकीच्या घरचं बारसं होतं, कुरखेड्याला. माझ्या एका एंजलच्या अंगावर पांढरे ठिपके उठले होते. मी गेलो नाही. पार्बता एकटी गेली. शोभानं, माझ्या लेकीनं, आईजवळ निरोप धाडला, "बाबाले म्हणा, आम्ही पान्यात राह्यलो असतो तं आले असते."

मी तेव्हा हसलो होतो. पार्बता हसली नव्हती.

पण मासोळ्या तिनंच जगवल्या, हेही खरं आहे. आमच्याकडचा उन्हाळा ज्यानं काढला त्याला सांगायला नको. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. तलावाचं पाणी मध्ये सरकतं, काठाचा चिखल तडकतो, त्या तडकलेल्या चिखलात बगळे पाय उचलत चालतात. मार्कंड्याला नदी वाळूतून एका बाजूनं वाहते, पोरं घोट्याएवढ्या पाण्यातून चालत पलीकडे जातात. घरात कौलाची धग खाली उतरते. तलावात मासोळी खाली चिखलात जाते, सावली धरते. काचेत ती कुठी जाईल? म्हणून पेट्यांना चारी बाजूंनी ओले बारदाने गुंडाळायचे. बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या वर तरंगत सोडायच्या, एक वितळली की दुसरी. अन् नेमकी दुपारी लाईट जायची. लाईट गेली की हवेचं मशीन बंद. पाच-दहा मिनिटांत मासोळ्या वर येऊन तोंड उघडायला लागायच्या.

पार्बताच्या बापाचं काम बीज वाहून न्यायचं. केसासारखं बारीक बीज गंजात भरून बैलबंडीवर ठेवायचं अन् तलाव येईपर्यंत पाण्यावर तळहातानं थाप मारत राहायची. थाप थांबली की पाण्यातली हवा संपते, बीज मरतं. पार्बता लहानपणी बापासोबत बंडीवर बसून अशी थाप मारत जायची. एकदा लाईट गेली, मी नुसताच इकडून तिकडे पळत होतो, तर ही चुलीजवळून उठली, पदर खोचला अन् पेटीत हात घालून थापा मारायला लागली. थप, थप, थप. ना जोरात, ना हळू. पाणी उडत नव्हतं, नुसतं उमलत होतं. दीड तास. चार पेट्या, आलटून पालटून. दोन मी सांभाळल्या, पण माझ्या हाताला तो ठेका नव्हता, माझं पाणी भिंतीवर उडायचं. लाईट आली तेव्हा तिचा हात पांढरा पडला होता, बोटं सुरकुतली होती. वरण करपलं होतं. "आज करपलं वरन खा," म्हणाली, "तुमच्या पोरीइनं भाजी होऊ देली नाई." मासोळ्यांना ती पोरी म्हणायची. नाव कोणाचंच ठेवलं नाही.

असे किती उन्हाळे गेले. सगळे मिसळून एकच झाले आहेत डोक्यात. ओल्या बारदान्याचा वास, मोहाचा वास, अन् ती थाप. मागचा उन्हाळा तेवढा वेगळा निघून बसला आहे, तो कशात मिसळत नाही.

मागच्या चैतात तिच्या पोटात पाणी धरलं. आधी आम्ही अजीर्ण समजलो. मग पाय सुजले. गडचिरोलीच्या दवाखान्यात भरती केलं. शोभा कुरखेड्याहून आली अन् आईपाशी राहिली. मीही राहायचो. पण रोज सकाळी अकराची बस धरून गावाला यायचो, बारदाने ओले करायचो, बाटल्या सोडायचो, दाणे टाकायचो अन् संध्याकाळी परत जायचो. सोळा दिवस. डॉक्टरीण बाई एकदा म्हणाल्या, बाबा, तुम्ही रोज कुठे जाता? मी म्हणालो, घरी काम असतं. काय काम ते सांगितलं नाही. मलाच लाज वाटली.

सतराव्या दिवशी मी गावात होतो. दुपारचे दोन. तिसऱ्या पेटीत बाटली सोडत होतो. रुषी दारात आला अन् काही बोललाच नाही. रुषी बोलला नाही म्हणजे मला कळलं.

दवाखान्यात गेलो, तिला घरी आणलं. तिला नदीवर नेलं. आमच्याकडे रीत आहे, माणूस गेलं की घरातलं भरलेलं पाणी ठेवत नाहीत. घागरी, मडकी, ड्रम, सगळं ओतून टाकायचं, भांडी घासायची, ताजं पाणी भरायचं. हे बायकांचं काम. माझी मोठी बहीण सखूबाई, सत्तरीची, तिनं आल्याआल्या पदर खोचला. आम्ही नदीवर असताना तिनं अन् दोघी-तिघींनी घर रिकामं केलं. घागर ओतली, ड्रम ओतला. मग पेट्यांसमोर येऊन उभी राहिली असेल. पाणी तर पाणीच. घरातलंच. तिनं मासोळ्या चाळणीनं धरून बादलीत टाकल्या, चारी पेट्या ओतल्या, घासल्या, विहिरीचं गार पाणी काठोकाठ भरलं अन् मासोळ्या परत सोडल्या. एकही खाली पडू दिली नाही म्हणे. इतक्या जपून केलं तिनं सगळं.

मी परत आलो तेव्हा पाणी काचेसारखं स्वच्छ होतं अन् मासोळ्या वर आडव्या तरंगत होत्या. काही अजून कल्ले हलवत होत्या.

मी तिथं बसलो अन् ओरडून रडलो. दवाखान्यात रडलो नव्हतो, नदीवर रडलो नव्हतो. अंगणातले लोक म्हणाले, रडू द्या, आता मोकळा झाला. सखूबाईनं मला पोटाशी धरलं. तीही रडत होती, भावजयीचं नाव घेऊन. रुषी तेवढा पेट्यांकडे पाहत उभा होता. त्याला समजलं होतं. तो आजवर त्यावर एक शब्द बोलला नाही, अन् हा माणूस कोणाच्या मयतावरही थट्टा करणारा आहे. त्या रडण्यात कोणाचा वाटा किती, ते मला अजून उमगलं नाही. सखूबाईला मी काहीच सांगितलं नाही. तिला वाटतं, मासोळ्या दुःखानं मेल्या.

अकरा वाचल्या. त्या एका पेटीत ठेवल्या. तीन पेट्या वर्षभर रिकाम्या पडून आहेत. एकीत रुषीनं कोंबडीची पिल्लं ठेवली.

अन् एक गोष्ट. लोक विचारायचे, शेवटच्या घटकेला तुम्ही कुठे होते? मी सांगायचो, तिनंच मला धाडलं. म्हणाली, पोरी उन्हात आहेत, जा. लोक हळहळायचे. बाई कशी होती पाहा म्हणायचे. मी दहा जणांना सांगितलं, मग पन्नास जणांना, मग मलाच ते ऐकू यायला लागलं, तिच्या आवाजात. माणूस एवढा वाकडा असतो.

तर हा असा उन्हाळा परत आला आहे अन् मी पेटीला हात लावून उभा आहे. धरायचं का सोडायचं. सोडावं म्हटलं तर वाटतं, शिक्षा घेतो आहेस का? धरावं म्हटलं तर वाटतं, कोणत्या तोंडानं? रुषीला विचारलं. तो म्हणाला, "मले विचारू नको गा. मी तं पयल्या दिवसापासून रश्श्याचं सांगून राह्यलो." मग पिल्लांना दाणे टाकत म्हणाला, तू वर्षभर कुठे गेलाच नाहीस. लेकीकडे गेला नाहीस, मच्छीमार सोसायटीच्या बैठकीला आला नाहीस. अकरा मासोळ्यांसाठी एवढा मोठा माणूस बांधून ठेवला आहेस. दावणीला म्हैस असती तर निदान दूध तरी दिलं असतं.

त्याच आठवड्यात शोभा आली. सकाळच्या गाडीनं. आल्याबरोबर घर झाडलं, मग मागं जाऊन पाहतो तर बाई नळाखाली बारदाने धुते आहे. गेल्या वर्षापासून ते तसेच घडी करून पडले होते. मी म्हणालो, राहू दे. ती म्हणाली, ऊन लागलं, आता लागतील. मी म्हणालो, मी सोडून द्यायचं म्हणतो.

तिनं हात थांबवला नाही. "काऊन सोडता? आईनं मरतानाई तुम्हाले याइच्यासाठी धाडलं. सारं गाव सांगते. अन् आता सोडता?"

पाणी तिच्या हातावरून खाली जात होतं, मातीचं, लालसर. मला तिथून निघून जाता आलं असतं. माझे पाय तयारच असतात.

"तिनं धाडलं नाई," मी म्हणालो. "तिनं काहीच म्हटलं नाई. डोळे मिटून होती. मीच घड्याळ पाह्यलं अन् निंगालो."

शोभानं बारदाना पिळला. उलटा केला, परत पिळला.

"मले मालूम हाये, बाबा. मी तिथीच होती ना."

"मंग वरीसभर बोलली काऊन नाई?"

"तुम्ही कधी सांगता, ते पाहून राह्यली होती."

मोहावर पाखरं भांडत होती. मला एकच विचारायचं होतं. शेवटी विचारलं, मी गेल्यावर ती काही बोलली का.

"डोळे उघडले तिनं. खाटेपाशी पाह्यलं, तुम्ही नाई. मंग म्हणे, गाडी भेटली असंन का त्याइले?"

एवढंच. वर्षभर मी तिच्या तोंडी जे घातलं होतं त्यापेक्षा हे किती लहान वाक्य. ह्यात माफी नाही. रागही नाही. मला गाडी मिळाली असेल का, एवढी तिला काळजी. उन्हात उभा असेल म्हणून. मी त्या वाक्याला रोज उलटंपालटं करून पाहतो. कधी ते मऊ लागतं, कधी शिंगुरीच्या काट्यासारखं हातात जातं.

पण एक झालं. मी पार्बताला पेटीतून बाहेर काढलं. इतके दिवस मी तिच्या नावानं धरत होतो अन् तिच्याच नावानं सोडायला निघालो होतो. ती यात नाहीच. मासोळ्या मला आवडतात, मला. ती माझी खोड आहे. पार्बता माझ्यासाठी हात पाण्यात घालून बसायची, मासोळ्यांसाठी नाही. हे समजायला तिला जावं लागलं, मला म्हातारं व्हावं लागलं. मग आता माझी खोड मीच मोजली पाहिजे. त्या खोडीपायी मी किती माणसं सोडली, अन् अजून किती सोडणार.

शोभा म्हणाली, आठ दिवस कुरखेड्याला चला. पेटीचं काय ते तिनं विचारलं नाही. मी हो म्हणालो अन् लगेच रुषीकडे गेलो. रुषीला सगळं समजावून सांगितलं. बारदाने कितीदा ओले करायचे, बाटली कधी बदलायची, दाणे चिमटीनं किती, लाईट गेली तर थाप कशी मारायची. तो जांभया देत ऐकत होता. म्हणाला, मेल्या तर रस्सा करीन अन् तुझ्या नावानं घास ठेवीन. मग म्हणाला, जा आता. काही झालंच तर फोन करीन, उगाच नाही करायचा. मीच म्हणालो, उगाच करू नको.

गाडीत बसलो तर हातांचं काय करावं ते कळेना. आरमोरीपर्यंत तीनदा फोन काढला, तीनदा ठेवला. बाहेर धानाच्या बांध्या कोरड्या पडल्या होत्या, नुसती खुंटं. उन्हानं रस्ता हलत होता. शोभा शेजारी झोपली होती, तिची मान माझ्या खांद्यावर आली. ती लहान असतानाही मी तिला असं कधी झोपू दिलं होतं का, आठवलं नाही. कुरखेड्याला पहिले दोन दिवस मी जावयाच्या अंगणात येरझारा घातल्या. त्यांच्या घरी पाण्याचं एकच मोठं भांडं, रांजण. त्यात डोकावून पाहिलं तर नुसतं पाणी. उगाच झाकण ठेवलं. जावई म्हणाले, बाबा, काही पाहिजे का? काही नाही म्हणालो.

वही सोबत आणली आहे, हे इथूनच लिहितो आहे. काल तिसरा दिवस. दुपारी शोभानं ताट वाढलं. भात, अंबाडीची भाजी, सुकटाची चटणी. वाढता वाढता ती आईचं सांगायला लागली. वर्षात पहिल्यांदा. दवाखान्यातले ते सोळा दिवस, मी बसनं गेलो की दुपारभर दोघी काय बोलायच्या ते. आई तिला बंडीवरच्या गोष्टी सांगायची म्हणे, लहानपणच्या. बीज नेताना एकदा तिला झोप लागली अन् बापानं मारलं नाही, स्वतः थाप मारत तिला मांडीवर घेतलं, ते. मला ही गोष्ट माहीत नव्हती. चाळीस वर्षं एका घरात राहून माहीत नव्हती.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. काढून पाहिला, रुषी.

बाहेर ऊन असं होतं की डोळा उघडवत नव्हता. फोन वाजत राहिला. माझे पाय ताटाखालून निघायला पाहत होते. शोभा बोलायची थांबली, हातात भाताचा चमचा तसाच धरून माझ्याकडे पाहत राहिली.

मी फोन उलटा करून पाटाजवळ ठेवला.

"मंग?" मी म्हणालो. "पुढं सांग."